सहलीचा व्हेगन पाय: पीठ कोमट असतानाच उरक

अगं, पाय (pie) म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ, आणि व्हेगन म्हणजे त्यात प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही. पहिल्यांदाच करते आहेस, तर सगळं लक्ष पारीकडे दे. इंग्लंडमध्ये या पारीत डुकराची चरबी घालतात, आपण वनस्पती तूप घ्यायचं. ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम वनस्पती, १२५ मिली पाणी, मीठ. पाण्यात वनस्पती वितळून उकळी आली की मैद्यावर ओत, चमच्याने ढवळ आणि हाताला सोसेल तेव्हा मळून झाकणापुरतं पीठ बाजूला ठेवून बाकीचं लगेच साच्यात थापत कडांवर चढव. पीठ गार झालं की मोदकाच्या उकडीसारख्याच चिरा पडतात. सारण मात्र पूर्ण गार, कोरडं हवं. मंडईतून आणलेले मश्रूम पाणी आटेपर्यंत परत. सारण भरून वर पारीचं झाकण लाव, त्याला वाफेसाठी भोक ठेव. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर २० मिनिटं, मग १८० वर ४० मिनिटं भाज. रात्रभर निवू दे आणि सुरी सिंहगडावर पोचल्यावरच लाव.