रात्री दात घासल्यावर डार्क चॉकलेट नको

ताई, ७० टक्के कोकोवालं डार्क चॉकलेट कीड लागू देत नाही असं वाचून तुम्ही रोज रात्री दात घासल्यावर एक तुकडा जिभेवर विरघळू देता, आणि आता ९ वर्षांच्या लेकीलाही तसाच द्यावा का, असं विचारलंय. लेकीला देऊ नका, आणि तुमचीही वेळ आजपासूनच बदला. मी गेली वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही. कोकोत थिओब्रोमिन नावाचा घटक असतो; त्यामुळे इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, टणक होतं, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय. जपानमधल्या संशोधकांना कोकोच्या बियांच्या टरफलात कीड रोखणारे घटक सापडले. पण चॉकलेट करताना बिया भाजून ते टरफल काढूनच टाकतात! तुमच्या हातात येतो तो गर, आणि त्यात घातलेली साखर.

वेष्टनामागचा तक्ता बघा. ७० टक्केवाल्यात १०० ग्रॅममागे साधारण ३० ग्रॅम साखर असते, मिल्क चॉकलेटमध्ये ५०च्या आसपास. म्हणजे कमी आहे, पण दातांवरच्या जिवाणूंना तेवढी पुरते. ते तिचं आम्ल करतात, काही मिनिटांत तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली जातो आणि इनॅमलमधलं कॅल्शियम विरघळू लागतं. एरवी लाळ अर्ध्या-पाऊण तासात हे सावरून घेते. झोपेत मात्र लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे रात्रीचा तुकडा दुपारच्या तुकड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. त्यात तुम्ही तो चघळत ठेवता, म्हणजे आम्लाचा वेळ आणखी वाढवता.

स्वीडनमध्ये १९४५नंतर विपेहोम इथे मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. त्यांची संमती न घेता केलेलं ते काम मला आजही अस्वस्थ करतं. त्यातून कळलं ते असं: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेनं कीड थोडीच वाढली, पण मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीनं ती भराभर वाढली. म्हणून मी किती खाल्लं यापेक्षा कितीदा आणि कधी खाल्लं, हे आधी विचारते.

त्यामुळे चॉकलेट सोडू नका. दुपारच्या जेवणानंतर लगेच खा, चावून संपवा, वर पाणी प्या. चिक्की किंवा खजुरापेक्षा ते दातांवरून लवकर निघून जातं, हा त्याचा खरा गुण. कॅरमल भरलेलं मात्र नको. रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासा, फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका आणि त्यानंतर फक्त पाणी.

लेकीच्या बाबतीत चॉकलेटपेक्षा मला तिच्या दाढांची काळजी वाटते. पहिल्या पक्क्या दाढा सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात. पुष्कळ आईवडील त्यांना दुधाच्याच समजून सोडून देतात. त्यांच्या खोल खाचांत ब्रश पोचत नाही. दातांच्या डॉक्टरांना दाखवून त्या खाचांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावायचं का, ते विचारा. दुखत नाही, इंजेक्शन लागत नाही, एका बैठकीत होतं.