‘हू’नंतर ‘डिड’ केव्हा येते?

नागपूरच्या धरमपेठेतील एका पालकांनी विचारले आहे की, मुलीच्या वहीत ‘हू डिफीटेड अप्पासाहेब?’ (अप्पासाहेब म्हणजे नागपूरचे भोसले राजे) आणि ‘हू डिड द ब्रिटिश डिफीट?’ हे दोन्ही प्रश्न शिक्षकांनी बरोबर ठरवले आहेत. दोन्ही भूतकाळाचे, दोन्हींच्या आरंभी ‘हू’, मग एकात ‘डिड’ आहे आणि दुसऱ्यात नाही, असे का?

दोन्ही प्रश्न ‘द ब्रिटिश डिफीटेड अप्पासाहेब’ या एकाच विधानातून निघालेले आहेत. ते मराठीत सांगताना आपण ‘इंग्रजांनी अप्पासाहेबांना हरवले’ म्हणू किंवा ‘अप्पासाहेबांना इंग्रजांनी हरवले’ म्हणू. भर बदलतो, पण सीताबर्डीच्या टेकड्यांवर 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी झालेल्या लढाईचा निकाल बदलत नाही, कारण कोण जिंकले ते ‘नी’ सांगतो आणि कोण हरले ते ‘ना’ सांगतो. (वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ झाला, तरी तो हेच काम करतो.) इंग्रजीत विशेषनामाला असा प्रत्यय लागत नाही. प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या; त्या झिजत गेल्या आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. क्रियापदाच्या आधीचे नाव कर्त्याचे, नंतरचे कर्माचे. ‘अप्पासाहेब डिफीटेड द ब्रिटिश’ असे लिहिले, तर व्याकरण निर्दोष राहते आणि इतिहास उलटतो.

आता पहिल्या प्रश्नात विचारणा कर्त्याविषयी आहे. ‘द ब्रिटिश’ उचलून त्याच जागी ‘हू’ ठेवला की क्रम जसाच्या तसा राहतो, म्हणून आणखी काही करावे लागत नाही. दुसऱ्या प्रश्नात विचारणा कर्माविषयी आहे. ते आपली जागा सोडून वाक्याच्या आरंभी येते, आणि प्रश्नात कर्म असे पुढे आले की आजच्या इंग्रजीत कर्त्याच्या आधी एक सहायक क्रियापद यावेच लागते. साध्या भूतकाळात तसे सहायक नसते, म्हणून ‘डिड’ आणावे लागते. जुन्या शिस्तीप्रमाणे येथे ‘हूम’ लिहिले असते, तर हा भेद डोळ्यांना दिसला असता. परंतु बोलण्यात ‘हूम’ मागे पडल्यामुळे दोन्ही प्रश्न वरवर सारखे भासतात.

‘डिड’ आले की भूतकाळ दाखवण्याचे काम त्याच्याकडे जाते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते. ‘हू डिड द ब्रिटिश डिफीटेड’ ही आपल्या मुलांची फार चिवट चूक आहे, आणि तिचा दोष मी मुलांना देत नाही. ‘इंग्रजांनी कोणाला हरवले?’ असे विचारताना मराठीत ना क्रम हलवावा लागतो, ना क्रियापदाचे रूप.

क्रियापद कोणाच्या मागे जाते, हाही भेद येथे सांगायला हवा. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ‘धम्म स्वीकारला’ आणि ‘दीक्षा स्वीकारली’, म्हणजे आपले क्रियापद कर्माचे लिंग धरते, कारण हे भूतकाळी रूप संस्कृतातील ज्या कर्मणी क्त-रूपापासून (‘कृत’ म्हणजे ‘केलेले’, अशा धातुसाधितापासून) आले, त्यात कर्ता तृतीयेत असे. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की ते ‘हरवले’ असे नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. इंग्रजीत मात्र बाबासाहेब असोत की लाखो अनुयायी, दीक्षा असो की धम्म, ‘एम्ब्रेस्ड’ हे एकच रूप चालते. कर्त्याप्रमाणे बदलतात ती केवळ ‘वॉज’ आणि ‘वेअर’.

इंग्रजी विधानात अप्पासाहेबांचे नाव आरंभी आणून अर्थ तोच ठेवायचा असेल, तर रूढ मार्ग कर्मणी प्रयोगाचा: ‘अप्पासाहेब वॉज डिफीटेड बाय द ब्रिटिश’. या वाक्यात हरलेल्याचे नाव कर्त्याच्या जागी बसते आणि ‘वॉज’ हे सहायकही हाताशी असते, म्हणून ‘हू वॉज डिफीटेड?’ या प्रश्नात, विचारणा हरलेल्याविषयीच असूनही, ‘डिड’ लागत नाही.