लीज संपली, आता अर्ज करायचा कोणी?

प्रश्न: इंदूरच्या विजयनगरात विकास प्राधिकरणाच्या योजनेतला फ्लॅट बाबांनी 1994 साली 30 वर्षांच्या लीजवर घेतला. 2017 मध्ये बाबा गेले. आई तिथेच राहते, नगर निगमच्या (महापालिकेच्या) संपत्तिकरात तिचं नाव चढलंय. भाऊ बंगळुरूला असतो. लीज 2024 मध्येच संपली, हे आम्हाला आत्ता कळलं. 2025 चं लीज रेंट मात्र भरलंय. एक एजंट म्हणतो, फ्लॅट सरकारजमा होईल, दोन लाख आणि मूळ कागद द्या, मुदतवाढ करून आणतो. काय करावं?

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा, उद्या कोणी कुलूप लावायला येत नाही. मुदत संपली की लीज संपते, हे खरं. पण त्यानंतरचं भाडं प्राधिकरणाने घेतलंय. पट्ट्यात, म्हणजे लीजच्या कागदात, उलट काही लिहिलेलं नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 116 मुळे ताबा महिन्या-महिन्याने चालू धरता येतो. तोही 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, तेव्हा त्याच्या भरवशावर झोपून राहू नका. ती पावती जपा.

खरी गाठ नावाची आहे. पट्टा बाबांच्या नावे, मग अर्जावर सही कोणाची? निगमात नाव चढलं म्हणजे घर आपलं झालं, असं इंदुरात पुष्कळांना वाटतं. करपावत्यांना रबर लावून, प्लास्टिकच्या पिशवीतून आणतात आणि मालकीचा पुरावा म्हणून माझ्या टेबलावर ठेवतात. निगमला फक्त कर कोणाकडून घ्यायचा हे ठरवायचं असतं. नामांतरणाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. बाबांचं मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही सारखे वाटेकरी, प्रत्येकी एक तृतीयांश. एक विचारायचं राहिलं: 2017 मध्ये आजी, म्हणजे बाबांची आई, हयात होत्या का? असतील तर हिस्से चार होतात, आणि त्या आता नसतील तर त्यांच्या हिश्शात काका-आत्याही येतात.

म्हणून प्राधिकरणाच्या रेसकोर्स रोडच्या कार्यालयात पहिला अर्ज नामांतरणाचा द्या, सगळ्या वारसांच्या नावे. भाऊ हक्क सोडायला तयार असेल तर फोनवरचा होकार कामाचा नाही, हक्कत्यागपत्र रजिस्टर व्हावं लागतं. पण फ्लॅट आईंच्या एकटीच्याच नावे हवा, असा हट्ट आत्ता धरू नका. त्यापायी नवीनीकरण अडकेल.

आता मुदतवाढ. मुदतवाढीत जुनीच लीज पुढे चालते, नवीनीकरणाला नवा पट्टा लागतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केलाय. वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे रजिस्टर करावाच लागतो, स्टॅम्प भरून. एजंटाने कुठून शिक्का मारून आणण्याचं हे काम नव्हे. तुमच्या पट्ट्यात काय लिहिलंय? पाठवलेल्या फोटोत ‘पट्टाग्रहीता के आवेदन पर’ (लीज घेणाऱ्याच्या अर्जावर) एवढं वाचता येतं, पुढचं वाक्य कागदाच्या घडीत गेलंय. मला नेमकं तेच हवंय: किती वर्षं, भाडं किती वाढणार, अर्ज मुदतीआधीच करायचा होता का. कागद उलगडून पुन्हा फोटो काढा. उशीर झालाच असेल तर बाबांचं निधन हे कारण सरळ लिहा, थकबाकी असेल ती भरा. त्याच फेरीत फ्रीहोल्ड, म्हणजे लीज जाऊन कायमची मालकी, करायला किती पडेल, हेही लेखी विचारा. आईंच्या वयाचा विचार केला तर मला तो रस्ता बरा वाटतो.

अर्जाची शिक्का-तारखेची पोच घ्या. फाइल हललीच नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दोन लाख तुम्ही देणार नाहीच. पण मूळ पट्टा त्या एजंटाला ‘फक्त बघायला’ म्हणून दिला असेल, तर बाकी सगळं सोडून आज संध्याकाळी तो घेऊन या.