वाचक विचारतात : काळ्या पट्टीवरचे जंतू

प्रश्न : ताई, माझ्या नातीला गेल्या वर्षी ऐकू येण्यासाठी कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. पुढेमागे अशा उपकरणांत वीज वाहणारं प्लास्टिक येईल आणि त्यावर जंतूंचा थर बसू नये म्हणून संशोधन चाललंय, असं वाचलं. एवढी खटपट कशाला? थर बसलाच तर अँटिबायोटिक आहेच की!
– एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, आधी नातीपुरतं. आजच्या कॉक्लिअर इम्प्लांटचे इलेक्ट्रोड, म्हणजे आतल्या नसेला वीज देणारी टोकं, प्लॅटिनमचे असतात. मी सांगते ते अजून बहुतेक प्रयोगशाळेतलंच.

माठ चार दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत लागतो ना? तो बायोफिल्म. जंतू आधी भिंतीला चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट द्रव सोडून त्यात मुक्काम ठोकतात. माठात हात घालून घासता येतं. शरीरातला इलेक्ट्रोड कोण घासणार? त्या चिकट्यात दडलेल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंपेक्षा कित्येक पट जास्त औषध लागतं. बरेचदा उपकरणच काढावं लागतं. तेव्हा त्यांना मुळात टेकूच द्यायचं नाही.

वीज वाहणाऱ्या प्लास्टिकला २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच घराण्यातल्या पॉलिपायरोलवर मी काम करते. पायरोलच्या द्रावणात सोन्याची पट्टी बुडवून एक व्होल्टच्या आसपास दाब दिला की बघता बघता ती काळी पडते. त्या काळ्या थरावर पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या) लांब रेणूंच्या साखळ्या रोवायच्या, ब्रशच्या केसांसारख्या. (बद्धकोष्ठावर डॉक्टर पाण्यात ढवळून घ्यायला पावडर देतात, त्यातलं हेच पीईजी. घरी सांगितलं तर सगळे हसले.) हे केस पाणी घट्ट धरून ठेवतात. प्रथिनांना आणि जंतूंना पृष्ठभागापर्यंत पोचणं अवघड होतं.

गोम पुढे आहे. केस फार लांब आणि दाट झाले तर जंतूंबरोबर आयनही, म्हणजे शरीरात वीज वाहून नेणारे भारित कणही, अडतात, मग वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा उपयोग काय? शिवाय पीईजीचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनमुळे ते खराब होत जातं. म्हणून एकाच साखळीवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेले रेणूही वापरून बघतात. आपल्या पेशींच्या आवरणावर तसेच रेणू असतात, निसर्गाचीच नक्कल.

जंतू किती बसले ते कसं कळतं? पट्टी जंतू वाढवलेल्या ब्रॉथमध्ये दिवसभर ठेवायची (आम्ही त्याला रस्साच म्हणतो), हलक्या हाताने धुवायची आणि क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायची. बसलेल्या थराला रंग चढतो. तो रंग अल्कोहोलमध्ये उतरवून यंत्रावर मोजतात. बोटं मात्र दोन दिवस जांभळी राहतात.

माझ्या पहिल्याच पट्टीचा आकडा जवळजवळ शून्य आला. मी सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी वीज मोजायला पट्टी हातात घेतली, तर पिवळीधमक! काळा थर धुतानाच सोन्यावरून सुटून बेसिनमध्ये गेला होता, आणि त्याच्याबरोबर जंतूही. मी आदल्या दिवशी पट्टीकडे न बघता नुसता आकडा बघत बसले होते. आता धुण्याआधी आणि धुतल्यावर पट्टीचा फोटो काढते, चहा त्यानंतर.