टाचदुखीसाठी शॉकवेव्ह थेरपी घ्यायची आहे, घराजवळचं क्लिनिक कसं निवडावं?

नमस्कार. तुमच्या आईची टाच आठ महिने दुखतेय, त्यांना शुगर आहे, अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या चालू आहेत, आणि घराजवळच्या क्लिनिकने शॉकवेव्हच्या, म्हणजे मशीनने टाचेवर लहरींचे झटके देण्याच्या उपचाराच्या, दहा सिटिंगचे पैसे एकदम भरायला सांगितलेत. भरावेत की दुसरीकडे जावं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये शाळेत शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभी असते, आणि याच दुखण्यापायी दोन क्लिनिकं पाहून झालीत. पैसे एवढ्यात भरू नका, हे आधी सांगते.

पहिल्या ठिकाणी माझा एक्स-रे उजेडाकडे धरला, "हाड वाढलंय" म्हणाले आणि पाच मिनिटांत पॅकेज ठरलं. पायाला कुणी हात लावला नव्हता. टाचेचं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याचा जाड पट्टा, टाचेच्या हाडाला तो जिथे जोडलेला असतो त्या जागी. प्लान्टर फॅसायटिस म्हणतात ते हेच. तिथे दर वेळी वेगळी मदतनीस यायची, जेल लावायची आणि हँडपीस, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, अख्ख्या टाचेवरून इस्त्रीसारखा फिरवायची. नेमकं कुठे दुखतंय हे कुणी विचारलं नाही. वर घरी जाऊन घ्यायला दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. चार सिटिंगनंतर टाच काळीनिळी झाली, दुखणं जिथल्या तिथे. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिली वीस मिनिटं मशीनचं नावसुद्धा काढलं नाही. अंगठ्याने दाबत दाबत टाचेच्या आतल्या बाजूचा, पुढचा तो एक बिंदू शोधला, मी ओरडलेच. मग टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली, कारण तसं दाबल्यावर जोराची कळ आली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पोटरी किती आखडली आहे ते पाहिलं. सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊल जास्त दुखतं का, रात्री आग किंवा मुंग्या येतात का, दोन्ही टाचा दुखतात का, सकाळी कंबर धरते का, टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का आणि कधी, असं सगळं विचारलं. हे प्रश्न उगाच नसतात. आग आणि मुंग्या असतील तर दुखणं नसेचं असू शकतं, दोन्ही टाचा आणि कंबर एकदम धरत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. अशा दुखण्यांवर शॉकवेव्ह हा उपाय नव्हे.

शेवटी त्या म्हणाल्या, "आधी तीन आठवडे व्यायाम करा, मग मशीनचं बघू." तेव्हा मला रागच आला होता. आज वाटतं, त्या क्लिनिकवर विश्वास बसला तो त्या वाक्यामुळे. व्यायाम आणि योग्य चपलेने बहुतेकांची टाच वर्षभरात बरी होते. जी महिनोन्‌महिने दाद देत नाही तिच्यासाठी शॉकवेव्ह आहे. आईंचे आठ महिने झालेत, म्हणजे विचार करणं चुकीचं नाही. पण त्या आठ महिन्यांत व्यायाम नीट झाले का, हे जो विचारेल त्याच्याकडे जा.

नंतर मला चार सिटिंग दिल्या, दर बुधवारी एक. प्रत्येक वेळी बाई विचारायच्या, "इथे? की जरा आत?" आणि मी सांगेन तसा हँडपीस सरकवायच्या. या उपचारात रुग्णाच्या सांगण्यावरच नेम धरला जातो, म्हणून जागा बधिर करून देणं चांगलं मानत नाहीत. आराम लगेच पडत नाही. मला फरक कळायला सहा आठवडे लागले, दहाव्या आठवड्यात मी दुखण्याशिवाय फळ्यापाशी उभी राहिले. त्यात मशीनचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता मशीनबद्दल थोडं. यात विजेचा शॉक नसतो, आईंना हे नक्की सांगा. हे तंत्र आलं मूतखड्यावरून: १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा खडा बाहेरून सोडलेल्या लहरींनी फोडला गेला. टाचदुखीसाठी अशा मशीनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती २००० मध्ये. आपल्याकडच्या बहुतेक फिजिओथेरपी क्लिनिकांत रेडियल प्रकारचं मशीन असतं. त्यात दाबलेल्या हवेने एक छोटा धातूचा तुकडा टोकावर आपटतो, टक-टक-टक असा मोठा आवाज येतो, आणि जोर कातडीपाशी सर्वांत जास्त असून आत जाता जाता कमी होतो. दुसरा प्रकार फोकस्ड: त्यात लहर आतल्या ठरावीक खोलीवर एकवटते. ते मशीन महाग असतं. टाचेसाठी दोन्ही वापरतात, तेव्हा "आमचं फोकस्ड आहे" एवढ्यावर भुलू नका. मात्र कोणतं आहे, कोणत्या कंपनीचं आहे, हँडपीसची सर्व्हिसिंग कधी झाली, हे विचारा. रेडियलच्या हँडपीसचे भाग झिजतात आणि मशीनमध्ये झटक्यांची मोजणी होत असते. जे लोक मशीन नीट ठेवतात ते हे चटकन सांगतात.

सिटिंगचा हिशेबही समजून घ्या. साधारण २००० झटके, सेकंदाला १० या वेगाने दिले तर साडेतीन मिनिटांत संपतात. कुणी "अर्धा तास शॉकवेव्ह" म्हणत असेल तर उरलेल्या वेळात काय करणार ते विचारा. व्यायाम शिकवत असतील तर उत्तमच. टाचेसाठी सहसा आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच सिटिंग देतात. म्हणून तपासायच्या आधीच दहा सिटिंगचे पैसे मागणं मला पटत नाही. एकेका सिटिंगचे पैसे देऊ आणि तिसऱ्यानंतर ठरवू, असं सरळ म्हणा. मेडिक्लेममधून हा ओपीडीचा खर्च सहसा मिळत नाही, तरी पावती घ्या.

आईंच्या बाबतीत दोन गोष्टींची मला खरी काळजी वाटते. पहिली, अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना शॉकवेव्हने आत रक्तस्राव होण्याचा, मोठे डाग पडण्याचा धोका असतो, त्यामुळे द्यायचं की नाही हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं. क्लिनिकमध्ये कुणी "चार दिवस गोळी बंद करा" म्हणालं तर आईंना घेऊन तिथून उठा. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाने ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. मला दिल्या तशा दुखण्यावरच्या गोळ्याही त्यांना परस्पर देऊ नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि शॉकवेव्हनंतर दुखण्यावरच्या गोळ्या टाळायलाच सांगतात.

दुसरी गोष्ट शुगर. पायाची संवेदना कमी झाली असेल तर "इथे दुखतंय, आता सहन होत नाही" हे आईंना सांगताच येणार नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट मशीन लावण्याआधी डोळे मिटायला सांगून तळव्याची संवेदना तपासतो, भेगा-जखमा पाहतो. हे न करता जेल लावायला घेतलं तर थांबवा.

फिजिओथेरपिस्टची पदवी आणि नोंदणी बघायला संकोच करू नका. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, आणि नोंदणीसाठी राज्याची ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीची परिषद आहे. प्रमाणपत्र भिंतीवर ज्याच्या नावाचं आहे, हँडपीस त्याच्याच हातात असतो का, हे विचारा. मी हे विचारलं नाही आणि फसले.

अंतराचाही विचार करा. दर आठवड्याला जायचं आहे, दुखऱ्या टाचेने. घराजवळचं पण तिसऱ्या मजल्यावर आणि बिनलिफ्टचं, यापेक्षा रिक्षाने वीस मिनिटांवरचं तळमजल्याचं बरं.

क्लिनिक ठरेपर्यंत आईंना एक करायला सांगा. सकाळी जमिनीवर पाय टेकण्याआधी, पलंगावर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची आणि मनात दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा. मऊ चपला पलंगाला लागून ठेवा, म्हणजे पहिलं पाऊल थंड फरशीवर पडणार नाही.