तळ्यातले मासे वाचवायला पोस्टातले १५ लाख मोडायचे का?

काका नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. "मासे नातीसाठी आणलेत, बगळ्यासाठी नाही" हे वाक्य वाचून आधी हसू आलं आणि मग खाली कोटेशनचा आकडा बघितला, तेव्हा हसू गेलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका ६२ वर्षांचे, खासगी कंपनीतून रिटायर झालेत, चिपळूणजवळ गावी काकूंबरोबर राहतात. घरामागे परसात १२ बाय ८ फुटांचं तळं बांधलंय, अडीच फूट खोल, मागून पऱ्ह्या (छोटा ओढा) वाहतो. दोन वर्षांत सरासरी ९०० रुपयांना एक असे २२ कोई मासे आणले, त्यातले आता ७ उरलेत. कधी ढोकरी (छोटा बगळा) येते, कधी खंड्या, एकदा घोरपड दिसली, रानडुकरं सुरण उकरून जातात ती वेगळीच. एका ठेकेदाराने "कंप्लीट सोल्युशन" म्हणून १,८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१८,३०० रुपयांचं कोटेशन दिलंय. काकांच्या सेव्हिंगला १ लाख ६० हजार आहेत आणि बाकी सगळा पैसा, १५ लाख, पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत १६ महिन्यांपूर्वी टाकलाय. प्रश्न असा की त्यातून पैसे काढू का, की मुलगा म्हणतो तसं क्रेडिट कार्डावर ईएमआय करू.

दोन्ही नको. आता का ते सांगते.

सीनियर सिटिझन योजनेतून "थोडे" पैसे काढता येत नाहीत, हे तुम्हाला काउंटरवर बहुतेक कोणी सांगितलं नसेल. काढायचे तर पूर्ण खातं बंद करायचं. एक वर्ष झालंय पण दोन झाली नाहीत म्हणून दीड टक्का कापतात, तो पण पूर्ण १५ लाखांवर, म्हणजे २२,५०० रुपये नुसते मोडायचे म्हणून गेले. मग २,१८,३०० ठेकेदाराला. उरले १२ लाख ५९ हजार, ते परत नवीन खात्यात टाकायचे, पाच वर्षं पहिल्यापासून सुरू आणि व्याजदर त्या तिमाहीला सरकार जो जाहीर करेल तो. धरून चालू की ८.२ टक्केच मिळाला. आज तुम्हाला दर तिमाहीला ३०,७५० येतात ते साधारण २५,८०० वर येणार. म्हणजे महिन्याला जवळपास १,६५० रुपये कमी.

आता तुम्हीच लिहिलेला हिशेब बघा. व्याजाचे महिन्याला १०,२५०, पेन्शन २,७५०, गाळ्याचं भाडं ९,०००, एकूण २२,०००, आणि घरखर्च १९,०००. हातात राहतात ३,०००. त्यातले १,६५० गेले तर उरले १,३५०, आणि तुमचं वय ६२ आहे, औषधं अजून सुरू व्हायचीत. मी याच्यासाठी नाही म्हणते काका, मासे हा फालतू खर्च आहे म्हणून नाही. नातीसाठी तळं हवंच, माणूस रिटायर होतो कशासाठी.

कार्डाचा ईएमआय तर विसराच. १५ टक्के व्याज सांगतात, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि एक हप्ता चुकला की मग महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज. पुण्यात पगार असलेल्या मुलाला ते चालेल, तुम्हाला नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा वकिलासारखी वागले. तुम्ही लिहिलंय १५ मासे "जनावरांनी खाल्ले". पण त्याच पत्रात वर लिहिलंय की मे महिन्यात तीन मासे सकाळी उलटे तरंगताना दिसले आणि ते कावळ्यांनी ओढून नेले. आणि जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला, तळं काठोकाठ भरून वाहत होतं, त्या आठवड्यात सहा मासे "एकदम गायब". काका, एका आठवड्यात सहा कोई, एक खवला नाही, रक्त नाही, तुमच्याकडचा पाऊस आणि मागे पऱ्ह्या! ते सहा मला वाटतं पोहत पोहत सरळ वाशिष्ठी नदीच्या रस्त्याला लागले. आणि मेमधले तीन गरमीत ऑक्सिजन कमी पडून गेले असणार, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, अडीच फूट पाणी तापायला किती वेळ लागतो, आणि पहाटे तर सगळ्यात कमी असतो, म्हणून सकाळीच मेलेले दिसतात. कावळा फक्त उचलायला आला आणि चोर ठरला.

म्हणजे खरोखर जनावरांच्या खात्यावर जास्तीत जास्त सहा मासे. ५,४०० रुपये, दोन वर्षांत. वर्षाला २,७००. त्यासाठी व्याजाचेच वर्षाला १९-२० हजार सोडायचे?

ठेकेदाराचं कोटेशन पण एकेक ओळ करून बघू, कारण "कंप्लीट" शब्द आला की मी पेन घेऊन बसते.

झटका मशीनचं कुंपण, म्हणजे तारेला हात लागला की विजेचा हलका झटका देणारं, ९८,०००. सगळ्यात मोठी रक्कम. हे रानडुकरांसाठी आहे, माशांसाठी नाही. ढोकरी वरून येते, खंड्या वरून येतो, त्यांना कुंपण काय करणार. सुरणाचं नुकसान किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते वेगळं लिहून काढा आणि कुंपणाचा निर्णय त्या आकड्यावर घ्या, तळ्याच्या नावावर नको. (आणि शेजारच्या कोणी "मशीन कशाला, रात्री सरळ लाईन सोडा तारेत" असं सुचवलं तर हात जोडा. त्याने माणसं मरतात आणि मग घरचा माणूस तुरुंगात जातो.)

चार कॅमेरे, ३६,०००. एक पुरे. अडीच हजारांचा, रात्री दिसणारा, मेमरी कार्डवाला, तळ्याकडे तोंड करून.

अल्ट्रासॉनिक यंत्रं दोन, १३,०००. हे मी काट मारून टाकलं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच कीटक-उंदीर पळवणारी असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठावर कंपन्यांना ताकीद दिली होती की दावे करताय ते सिद्ध करता आले पाहिजेत. पंचवीस वर्षं होत आली, डबा तोच, स्टिकर नवीन.

पाइपचा मांडव आणि नायलॉन जाळी, ३४,५००. विचार बरोबर आहे, सामान चुकीचं. याचा मला स्वतःचा अनुभव आहे. आमच्या घरी मागे सिमेंटचं टाकं होतं, त्यात गप्पी आणि चार गोल्डफिश. रोज सकाळी एक ढोकरी यायची. बसली की मातकट, चिखलाच्या रंगाची, तुम्ही दहा फुटांवर उभे असलात तरी दिसत नाही, आणि उडाली की एकदम पांढरी शुभ्र, प्रत्येक वेळी दचकायला व्हायचं. मग मी बारीक नायलॉनची जाळी आणली आणि नुसती वर टाकली, काठाला विटा ठेवल्या. जाळी मधे खाली लोंबली, ढोकरी आरामात जाळीवरच उभी, तिच्या वजनाने जाळी पाण्याला टेकली आणि तिने जाळीतूनच मासा टोचला. त्यात तिसऱ्या दिवशी एक दिवड अडकली. बिनविषारी, पण चिडलेली. जाळी तिच्या खवल्यात रुतलेली, सर्पमित्र धरून बसलेला आणि मी नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापतेय, पाऊण तास. त्या दिवसापासून मी नायलॉनची जाळी कोणाला सांगत नाही.

तुम्ही करा ते असं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपच्या चौकटीची तीन झाकणं, प्रत्येक ४ बाय ८ ची, वर जीआय वेल्ड मेश (तारांची कडक जाळी) ताणून मारलेली. एक माणूस उचलू शकतो, नात आली की दिवसा एक झाकण काढून बसायचं, संध्याकाळी परत ठेवायचं. माझ्या अंदाजाने २० हजारांच्या आसपास होईल, तुम्ही दोघांकडून कोटेशन घ्या. कोकणातल्या हवेत गंज धरणारच, तर दर वर्षी पावसाआधी वेल्डिंगच्या जागी रंगाचा हात मारायचा, तो खर्च पण धरा.

शेवटची ओळ, "पिंजरा ३,५००". हा नाही म्हणजे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावून पकडणं हीसुद्धा शिकारच धरतात, आणि घोरपड त्यातल्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ३ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. ९०० रुपयांच्या माशासाठी. ठेकेदार पिंजरा लावून निघून जाईल, जागा तुमच्या नावावर आहे.

आता क्रम, कारण पैसा क्रमानेच वाचतो. या महिन्यात तीन गोष्टी. तळ्याच्या वरच्या काठाला ओव्हरफ्लोचा पाइप आहे का बघा, नसेल तर बसवा, तोंडाला स्टीलची जाळी, पाचशे रुपये. पाइप रुंद घ्या आणि पावसात जाळीवरची पानं रोज काढा, तुंबली की पाणी परत काठावरूनच जाणार. दुसरं, एअर पंप, अडीच हजार, उन्हाळ्यात रात्रभर चालू ठेवायचा, लाईट जाते त्यामुळे बॅटरीवर चालणारा मिळाला तर बघा. तिसरा तो कॅमेरा. शिवाय सहा इंची पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे तळाशी टाका, मासे आत लपतात, हजारभर रुपये. आणि तळ्यावर आलेली पेरूची फांदी तुम्ही फोटोत दाखवलीय ना, ती छाटा. खंड्याची खुर्ची आहे ती. याला पैसे लागत नाहीत. एकूण ६,५००, म्हणजे तुमच्या दोन महिन्यांच्या शिल्लकीपेक्षा थोडंच जास्त, मोडतोड काही नाही.

मग दोन महिने कॅमेरा बघा. बगळा-ढोकरी दिवसा, काठावरून चालत येताना दिसेल, माशाच्या अंगावर चोचीची खोच दिसते. रात्री काही येत असेल आणि काठावर खवले किंवा माशाच्या वासाची, खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते पाणमांजर समजा. पऱ्ह्या मागे आहे म्हणजे अशक्य नाही, आणि तसं असेल तर झाकण लगेच करावं लागेल आणि त्याला कडी पण लागेल, कारण तो प्राणी हुशार आहे, एका रात्रीत तळं रिकामं करतो. तेवढ्यापुरते सेव्हिंगमधून २० हजार उचला आणि महिन्याच्या शिल्लकीतून सात महिन्यांत परत भरा. १ लाख ६० चे १ लाख ४० झाले तरी सात महिन्यांचा घरखर्च तिथे राहतो, चालतं. नुसती ढोकरीच असेल तर घाई नाही. काठापासून थोडं आत, सहा-आठ इंच उंचीवर मासेमारीची दोरी ताणून बांधा, ढोकरी उडत येऊन काठावर बसते आणि मग चालत पाण्यात उतरते, पाय अडला की कंटाळते. झाकण पुढच्या वर्षी, पैसे साठवून.

तोपर्यंत नवीन कोई आणू नका. सात आहेत तेवढे पुरे. तळ्यात डास नकोत म्हणून गप्पी सोडा, आरोग्य केंद्रात विचारलंत तर बहुतेक फुकट मिळतील, आणि ते इतके वाढतात की खंड्याने रोज दोन नेले तरी नातीला कळणार नाही.

राहिला तो ठेकेदाराला आधीच दिलेला ५,००० चा टोकन. तुम्ही लिहिलंय "आता टोकन दिलंय तर करूनच टाकू". काका, ते ५,००० गेले असं समजूनच पुढचा विचार करा, ते वाचवायला २ लाख १३ हजार अजून द्यायचे हा कुठला व्यवहार. त्याला फोन करा, म्हणा बाकीचं रद्द, फक्त झाकणांचं वेगळं कोटेशन द्या आणि टोकन त्यात वळतं करा. नाही म्हणाला तर लेखी मागा की कशापोटी ठेवतोय. बरेचदा लेखी मागितलं की सूर बदलतो. आणि कॅमेऱ्यात काय दिसलं ते मला नक्की कळवा, माझा अंदाज ढोकरी आहे पण काकूंचा शेजारच्या बोक्यावर संशय आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि काकू रोज तिथेच भांडी घासतात, त्यांचं चुकणार नाही बहुतेक.