हलक्या हाताच्या मसाजने मज्जासंस्था खरंच शांत होते का? क्रेनिओसेक्रल थेरपीसाठी (डोक्याला आणि कण्याला अगदी हलका हात लावून करतात ती) मुंबईला जावं का?

होते. माझ्या बाबांची झाली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोलीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत संध्याकाळी पोफळी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच उभ्या होत्या. बाबांनी शिंपून वाढवलेल्या. त्यानंतर वारा जरा फिरला की ते उठून बसायचे, रात्री दोनला बॅटरी घेऊन वाडीत. पुढे वाराही लागेना, कौलांवरून मांजर गेलं तरी पुरे.

दिवाळीत दादा मुंबईहून आला. "चांगलं रगडून घ्या, मोकळे व्हाल." त्याच्याच हट्टाने चिपळुणात एकाकडे नेलं. त्याने बहात्तर वर्षांच्या माणसाला कणकेसारखं तिंबलं. तीन दिवस अंग ठणकलं, होती ती झोपही गेली. दुखलं की शरीर सावध होणारच, त्याला डिग्री लागत नाही.

मग आईने तळपायांना घासायची काशाची वाटी काढली. घाण्याचं कोमट खोबरेल, जेवणानंतर वीस मिनिटं, कुणी बोलायचं नाही. आई थकली की मी. नवव्या-दहाव्या रात्री वाटी फिरत असतानाच बाबा घोरायला लागले. (तेल काळं पडतं ती "उष्णता" नव्हे, काशाचा धातू घासला जातो. आईला हे अजून मान्य नाही.)

केस असलेल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, एवढ्या सावकाश आणि अंगाइतक्या कोमट हाताने कुरवाळलं की ते सर्वांत जास्त जागे होतात. तळव्यात ते फारसे नाहीत, म्हणून मी पोटऱ्या आणि हातांवरूनही हात फिरवायचो.

क्रेनिओसेक्रलचं म्हणाल तर थेरपिस्ट म्हणतात तशी कवटीची लय बोटांना कळते हे मला पटत नाही. एकाच माणसाची लय दोन थेरपिस्टांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत. बरं वाटेल, पण ते शांत खोलीमुळे आणि हलक्या हातामुळे. ते घरी फुकट आहे.

हो, मधुमेहाने पाय बधिर असतील तर वाटी नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळूच नका, आधी डॉक्टर. बाबांच्या बीपीच्या गोळ्याही चालूच होत्या.

दादा म्हणतो, नवी रोपं लागली म्हणून बाबा सावरले. रोपं लागली पुढच्या मिरगाला. बाबा झोपले मार्गशीर्षात.